खुर्चीवरची पंगत

टेबल औरंगाबादहून टेम्पोत आलं. जुन्या जालन्याच्या त्या गल्लीत टेम्पो शिरेना, म्हणून हमालांनी ते तोंडाशीच उतरवलं आणि डोक्यावर घेऊन आणलं. वाटेत ओट्यांवर बसलेल्या बायकांनी विचारलंच, हे कशाला म्हणून. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, आमच्या पोरानं, बद्रीनं पाठवलंय, त्याला आता खाली मांडी घालून जेवणं जमत न्हाई.

खरं कारण निराळं होतं. रविवारी तीर्थपुरीचे काकासाहेब आणि त्यांच्या घरच्या दुर्गाबाई जेवायला येणार होते. त्यांच्याकडे टेबलावर जेवतात. त्यांची बी. एड. झालेली मुलगी बद्रीनाथला द्यायचं जवळपास ठरलं होतं. जवळपासच, कारण त्यांनी अजून घर पाहिलं नव्हतं. आणि बद्रीनाथचं एक लग्न आधीच झालेलं होतं.

त्याची बायको, शिवकन्या, त्या वेळी टेबलाचं एक टोक धरून हमालांना सांगत होती की आडवं करा, पाय आधी आत घ्या, मंग बराबर बसंल. ते स्वयंपाकघरात मावलं नाही. शेवटी बाहेरच्या खोलीतली सासऱ्यांची, अप्पाराव गुरुजींची, बाज उचलून मागच्या पडवीत टाकली, तेव्हा कुठं टेबलाला आणि खुर्च्यांना जागा झाली.

रविवारी दुपारी बद्रीनाथच्या धाकट्या बहिणीनं, प्रभावतीनं, टेबल मांडायला घेतलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गृहशास्त्राच्या तासाला तिला हे शिकवलं होतं. फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलं, त्यावर बद्रीनाथनं आणलेल्या चिनी मातीच्या ताटल्या ठेवल्या, उजव्या हाताला पाण्याचे पेले. शिवकन्या वाट्या पुसून देत होती. तिनं सवयीनं ताटलीच्या वरच्या अंगाला मीठ वाढायची जागा बोटानं दाखवली आणि डावीकडं चटणी ठेवू का म्हणून विचारलं.

"टेबलावर तसं नसतं, वैनी," प्रभा म्हणाली. "सगळी भांडी मधी ठेवायची. ज्याला जे पाह्यजे ते तो घेतो."

"मंग वाढणारीनं काय करायचं?"

प्रभानं पेले पुन्हा सरळ केले.

या वहिनीनं तिच्या वेण्या घातल्या होत्या. बारावीनंतर शिक्षण बंद करायचं घरात ठरलं तेव्हा द्वारकाबाईंशी अबोला धरून तिला कॉलेजात पाठवलं होतं ते हिनंच. दिवाळीत पहिल्यांदा या दुसऱ्या लग्नाची कुणकुण लागली तेव्हा प्रभा रात्रभर रडली होती आणि शिवकन्येच्या गळ्याला पडून म्हणाली होती की असं झालं तर मी भर मांडवात उभी राहून सांगीन. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. त्यानंतर बद्रीनाथनं एकदा येऊन सहज सांगितलं, काकासाहेबांचा पुतण्या डॉक्टर आहे, अंबडला दवाखाना टाकलाय, प्रभाचा फोटो त्यांनी मागितलाय. प्रभानं फोटो दिला. त्या दिवसापासून ती वहिनीशी बोलताना दुसरीकडं बघून बोलू लागली, आणि हे वहिनीच्या ध्यानात आलंय हेही तिला ठाऊक होतं.

पुरण वाटून झालं होतं. आमटीसाठी येसराचा मसाला भाजल्याचा वास घरभर होता. शिवकन्या आमटीला फोडणी द्यायला वळली तेवढ्यात द्वारकाबाई आत आल्या. दम्यामुळं त्या दोन पावलं टाकली की थांबत. त्यांच्या हातात घडी घातलेलं एक पांढुरकं पातळ होतं. त्यांनी प्रभाला बाहेर जायला सांगितलं. प्रभा दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

द्वारकाबाईंनी आधी बरंच काही सांगितलं. काकासाहेब मोठा माणूस, प्रभाचंही त्यात कल्याण आहे, बद्रीचा संसार मार्गी लागला तर म्हातारपणी आपल्याला कोणी इचारील. शिवकन्या पळी हातात धरून ऐकत होती. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. तुला लपवता तर येत नाही, स्वयंपाक तुझ्याशिवाय होत नाही, म्हणून पाव्हण्यांना असं सांगायचं ठरलंय की ही आमच्या थोरल्याची बायको. तात्याच्या माघारी इथंच राहते.

थोरला तातेराव पुराच्या पाण्यात गेला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. त्याला शिवकन्येनं पाहिलंही नव्हतं. ती या घरात आली तेव्हा तो भिंतीवरचा फोटो होता.

"एका सांजेपुरतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "कुंकू पुस, बांगड्या आन् गळ्यातलं काढून माझ्यापाशी दे. ते गेले की घाल परत."

"हे त्यांनी सांगितलं का?"

"व्हय. बद्रीनंच."

"मला न्हाई सांगितलं. त्यांना म्हणा, मला येऊन सांगा."

द्वारकाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. या सुनेनं आजवर काही मागितलं नव्हतं. नवऱ्याला पाटबंधाऱ्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं की नेतो म्हणाला, मग क्वार्टर लहान आहे म्हणाला, मग काहीच म्हणाला नाही. सणावाराला आला तर बाहेरच्या खोलीत झोपून सकाळच्या गाडीनं गेला. लोक म्हणाले हिला मूलबाळ नाही. ते कसं असणार हे द्वारकाबाईंना पक्कं माहीत होतं, आणि तरी त्या लोकांना कधी काही बोलल्या नव्हत्या. त्या बाहेर मुलाला बोलवायला गेल्या.

बद्रीनाथ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला आणि तिथंच थांबला. त्यानं नवा सफारी घातला होता. इतक्या वर्षांत तो तिच्याशी एकट्यानं बोलायला असा आला नव्हता, आणि काय म्हणून हाक मारायची हेच त्याला कळेना. तो वाईट माणूस आहे असं त्याला स्वतःला कधी वाटलं नव्हतं. घरच्यांनी शिकत असताना बोहल्यावर उभं केलं, त्यात आपला काय दोष, असं तो मित्रांना सांगे, आणि मित्रांना ते पटे. पण मित्रांना सांगताना समोर ही नसे.

"एवढं कर," तो म्हणाला. "पुन्हा काही मागणार न्हाई."

"मंग नंतर मी कोण?"

"नंतर बघू."

तिनं पळी खाली ठेवली, हात धुतले, आणि त्याच्या देखतच गळ्यातलं मागून सोडवायला लागली. दोऱ्याची गाठ जुनी होती, सुटेना. मदत करायला त्यानं नकळत एक पाऊल आत टाकलं आणि मग बाहेर निघून गेला. शेवटी दारातून प्रभा आली आणि तिनं ती गाठ सोडवली.

अप्पाराव गुरुजी पान-सुपारी आणायला बाजारात गेले होते. ते परत आले तेव्हा शिवकन्या पांढुरक्या पातळात मागच्या दारी कुरडया तळत बसली होती. त्यांनी तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि पिशवी धरलेला हात खाली आणायचं विसरले.

हे खोटं त्यांना माहीत होतं, पण असं डोळ्यांना दिसेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना एवढंच सांगितलं होतं की विचारलं तर थोरली सून म्हणायचं, आणि त्यांनी मान हलवली होती. हसनाबादच्या शाळेत त्यांनी हयात घालवली. शिवकन्येचे वडील पुंजाराम तिथलेच, गुरुजींच्या रोजच्या बैठकीतले. पुंजाराम अंथरुणाला खिळले तेव्हा गुरुजींनी आपण होऊन त्यांच्याकडं सोयरीक घातली होती. तुमची पोरगी ती माझी पोरगी, असं त्या मरणाऱ्या माणसाचा हात हातात घेऊन ते म्हणाले होते. पुढं बद्री तिला नेईना तेव्हा त्यांनी त्याला दोन-चार वेळा रागावून पाहिलं. मग तो पैसे पाठवतो, प्रभाचं शिक्षण त्याच्यावर आहे, म्हणून हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. हल्ली ते घरात फार बोलतच नसत.

"मामा, पानं ओल्या फडक्यात ठिवा," शिवकन्या म्हणाली. "वाळून जातेल."

तिचा आवाज नेहमीसारखा होता. त्याचंच त्यांना भय वाटलं.

पाहुणे दिवेलागणीला जीपमधून आले. काकासाहेब उंचेपुरे, शांत बोलणारे गृहस्थ होते. दुर्गाबाई ठेंगण्या, हसतमुख. त्यांनी घर फिरून पाहिलं, पडवीतली बाज पाहिली, मागचा हौद पाहिला, आणि कशालाच नावं ठेवली नाहीत. टेबलापाशी आल्यावर दुर्गाबाईंनी कौतुकानं विचारलं की हे इतकं छान कोणी मांडलं.

"मी," प्रभा म्हणाली. ते खरंच होतं.

दुर्गाबाईंनी तिला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला, कोणत्या वर्षाला आहेस विचारलं, आणि काकासाहेबांकडं पाहून मान हलवली. प्रभा लाजली. तिच्या मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी, शिवकन्या पुरणपोळ्यांची दुरडी घेऊन उभी होती.

बायकांनी मागून बसायचा रिवाज दुर्गाबाईंनी मोडून काढला. आता टेबल आहे तर सगळे बरोबर बसू, म्हणून त्यांनी द्वारकाबाईंनाही हाताला धरून खुर्चीवर बसवलं. प्रभाही बसली. भांडी मधे ठेवलेली होती, पण ज्यानं त्यानं आपलं घ्यावं हे कोणालाच जमेना. सगळे ताटल्यांपुढं हात धरून बसले. मग शिवकन्या पुढं झाली आणि पंगतीला वाढावं तसं तिनं एकेकाला वाढलं. मीठ वर, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं. पोळीवर तूप वाढताना तिचा बांगड्या नसलेला हात काकासाहेबांच्या ताटलीवरून गेला. त्यांनी हाताकडं पाहिलं आणि नजर ताटलीकडं वळवली.

दुर्गाबाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

"वैनी," बद्रीनाथ म्हणाला. "तात्याभाऊंच्या माघारी आमच्यापाशीच राह्यतात."

दुर्गाबाई अरेरे म्हणाल्या. काकासाहेबांनी आमटीचा वास घेतला, येसर फर्स्टक्लास झालंय म्हणाले, आणि जेवायला सुरुवात करायची म्हणून यजमानांकडं पाहिलं.

अप्पाराव गुरुजींचा हात ताटलीत होता. घास मोडलेला होता, तो उचलला जाईना. समोर तुपाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या त्या पोरीकडं ते बघत होते आणि त्यांना पुंजारामाचा हात आठवत होता, हाडं लागणारा, तापलेला. त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला.

"काकासाहेब," ते म्हणाले, "जेवायच्या आधी एक सांगतो. मंग जेवा न्हाई तर उठा. माझ्या तात्याचं लगीन झालंच नव्हतं. ही बद्रीची बायको हाये. हसनाबादच्या पुंजारामाची पोरगी, मी स्वतः करून आणलेली. ती जिती हाये आन् तिचा नवरा बी जिता हाये."

बद्रीनाथ अर्धा उठला. द्वारकाबाईंना खोकल्याची ढास लागली. प्रभानं डोळे मिटून घेतले आणि तिला एकदम हलकं वाटलं. आपल्याला जे करवलं नाही ते अप्पांनी केलं, आता जे व्हायचं ते होवो. शिवकन्येच्या हातातली वाटी हलली नाही, पण दुसऱ्या हातानं तिनं खुर्चीच्या पाठीला धरलं. तिला वाटलं, संपलं. हे लोक आता उठतील, आणि आपण आत जाऊन कुंकू लावू.

काकासाहेब उठले नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"बसा, बद्रीनाथ," ते म्हणाले. "गुरुजी, तुम्ही सांगितलं, बरं केलं. तुमच्याबद्दल आदर वाढला. पण पोरगी द्यायची म्हणल्यावर आम्ही चौकशी करणार न्हाई का? गल्लीच्या तोंडाशी कोणालाही विचारलं तरी सांगतो. आम्हाला पहिल्यापासून माहीत हाये."

काकासाहेब न चिडता सांगत गेले. त्यांच्या मुलीचं दोनदा ठरून मोडलं होतं, वय वाढत चाललं होतं. सरकारी नोकरीतला इंजिनेर मिळतोय तर त्यांनी फार खोडी काढायची नाही असं ठरवलं. काळजी एकच होती, पुढं कोर्टकचेरी नको. म्हणून ते मागच्या महिन्यात हसनाबादला जाऊन आले होते, शिवकन्येच्या थोरल्या भावाला, गुरुजींच्याच हाताखाली शिकलेल्या सर्जेरावला, भेटायला.

"त्यांच्या घरी चहा घेतला. चांगला माणूस हाये. म्हणले, आमची बिलकुल तक्रार न्हाई. बहीण दिल्या घरी सुखी हाये, तिला तिकडंच राहू द्या, एवढंच म्हणले."

हे ते शिवकन्येला उद्देशून बोलले नाहीत. पण शेवटी त्यांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, जणू तिलाही हे ऐकून धीर यावा. तिनं खुर्चीची पाठ सोडली आणि वाटी टेबलावर ठेवली. भाऊ मागच्या महिन्यात पंचमीला तिला न्यायला आला नव्हता. पेरण्या लांबल्या म्हणून निरोप आला होता आणि तिनं तो खरा मानला होता.

दुर्गाबाईंना तिची दया आली असावी. त्यांनी मायेनं सांगितलं की आम्ही काही हिला घराबाहेर काढा म्हणणारे न्हाईत. आमची पोरगी नोकरी करणार, औरंगाबादला राहणार. म्हाताऱ्या माणसांचं दुखणंखुपणं, हा एवढा स्वयंपाक, तिला जमायचं नाही. तुमचं घर हिच्यावर चालतं हे आम्ही ऐकलंय. हिला इथंच राहू द्या.

"कुठं जाणार ती," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि ती लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"आन् गल्लीला काय माहीत ते माहीत," दुर्गाबाई पुढं म्हणाल्या. "पण आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत आता जे सांगितलं तेच राहू द्या. थोरल्याची बायको म्हणून. लग्नात कोणी विचारलं तर तिलाच बरं पडंल. असंच साधं राह्यलं म्हंजे झालं."

द्वारकाबाई रडायला लागल्या. माझा तात्या बिनलग्नाचा गेला हो, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दुर्गाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बद्रीनाथ ताटलीत बघत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता; सगळं त्याच्या मनासारखं झालं होतं, आणि खोटं बोलायचंही कारण उरलं नव्हतं. पण माहीत असून हे लोक आपल्याला मुलगी देतायत, म्हणजे आपण कोण आहोत हे त्यांना बरोबर कळलंय, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं भात कालवायला घेतला.

मग सगळे जेवले. काकासाहेबांनी दोनदा आमटी मागून घेतली. शिवकन्येनं वाढली. दुर्गाबाईंचं लक्ष आपल्याकडं आहे म्हणून प्रभा बारीक बारीक घास घेत राहिली. गुरुजी तेवढे हात धुऊन पडवीत बाजेवर जाऊन बसले. आयुष्यभर पोरांना ते शिकवत आले होते की खरं बोलावं. खरं बोलल्यावर काय होतं हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, कारण आपोआप काहीतरी होतं असंच त्यांना वाटत आलं होतं. आतून भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. तारखेचं बोलणं चालू होतं.

पाहुणे निघाले तेव्हा बद्रीनाथही त्यांच्याच जीपमधून स्टँडपर्यंत गेला. जाताना तो स्वयंपाकघराकडं वळला नाही. द्वारकाबाई दमून आडव्या झाल्या. शिवकन्येच्या वस्तू त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवल्या होत्या, घे म्हणाल्या नाहीत, आणि तिनं मागितल्या नाहीत. प्रभा भांडी उचलायला आली आणि मध्येच थांबून वैनी, एवढंच म्हणाली. शिवकन्येनं तिच्या हातात उष्ट्या ताटल्यांची चळत दिली. ती घेऊन प्रभा मागं हौदावर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

अप्पाराव गुरुजी पडवीतून उठून आले. टेबलावर तुपाचे डाग होते, एक पोळी आणि थोडा भात उरला होता. त्यांनी एक खुर्ची मागं ओढली.

"बस. तू जेवली न्हाईस."

शिवकन्या बसली. त्यांनी स्वतः तिला वाढलं; किती वाढावं हे त्यांना कळलं नाही, भात ताटलीबाहेर सांडला. ती जेवू लागली. आमटी गार झाली होती. ते समोरच्या खुर्चीवर बसले.

"उद्या पहिल्या गाडीनं मी हसनाबादला जातो," ते म्हणाले. "सर्जेरावला समोरासमोर विचारतो. मला न्हाई वाटत तो असं म्हणला असंल. ह्या माणसानं आपल्या सोयीनं जोडून सांगितलं. मी पुंजारामाला काय बोललो होतो ते सर्जेरावनं ऐकलंय. तो तवा तिथंच होता."

तिनं घास चावून गिळला. पाणी प्यायली.

"नका जाऊ, मामा."

"काहून? मला त्याच्या तोंडून ऐकू दे."

"म्हणूनच नका जाऊ," शिवकन्या म्हणाली. "तुम्ही त्याचे गुरुजी. तुमच्यापुढं दादा खोटं बोलणार न्हाई."